रँडम मॅक आणि आयपी ॲड्रेस बनवणारं छोटं कमांड-लाइन टूल स्वतः कसं लिहायचं

४० व्हर्च्युअल मशीनची टेस्ट लॅब उभी करत होतो, प्रत्येक मशीनला वेगळा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) हवा होता, म्हणून पटकन पाच-सहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. सहा रँडम बाइट घ्या, हेक्समध्ये छापा, मध्ये कोलन टाका, झालं काम. आउटपुट बघितलं तर एकदम खऱ्यासारखं. पण मशीन चालू केल्या तर जवळजवळ अर्ध्यांना नेटवर्कच मिळेना, कर्नल सरळ सांगतोय की हा पत्ता लावता येणार नाही. स्क्रिप्ट परत चालवली तर मघाशी बंद असलेल्या काही मशीन चालू झाल्या आणि चालू असलेल्या काही बंद पडल्या. दोन दिवस ब्रिज, ड्रायव्हर, फायरवॉल सगळं उकरून काढलं, काही सापडेना. शेवटी कागद घेतला, चाललेले पत्ते डावीकडे आणि न चाललेले उजवीकडे लिहून काढले, आणि मग दिसलं की उजवीकडच्या प्रत्येक पत्त्याचा पहिला बाइट विषम आहे. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, एकसुद्धा सुटलेला नाही.

नेटवर्कच्या पत्त्यातल्या काही बिटांना अर्थ असतो. त्यामुळे रँडम पत्ता बनवायचा म्हणजे आधी कुठल्या बिटांना हात लावायचा नाही ते ठरवायचं आणि मग उरलेले फासे टाकून भरायचे. टूल लिहिण्यातलं निम्मं डोकं इथेच लागतं, बाकीचं काम तासाभराचं आहे. मी पायथनमध्ये लिहितो कारण लागणारं सगळं त्याच्यासोबतच येतं, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही, पण हाच विचार गो किंवा रस्टमध्ये लिहायला घेतलात तरी बदलत नाही.

मॅक ॲड्रेस: पहिल्या बाइटचे शेवटचे दोन बिट

मॅक ॲड्रेस ४८ बिटांचा, म्हणजे सहा बाइट. कारखान्यातून आलेल्या कार्डावर पहिले तीन बाइट साधारणपणे कंपनीचे असतात, ते आयट्रिपलई ही संस्था कंपन्यांना वाटून देते, आणि पुढचे तीन कंपनी आपल्या मनाने भरते. आपल्याला मात्र पहिल्या बाइटचे फक्त शेवटचे दोन बिट बघायचेत.

सगळ्यात शेवटचा बिट ० असेल तर पत्ता एकाच मशीनचा, १ असेल तर तो गटाचा म्हणजे मल्टिकास्ट. गटाचा पत्ता कुठल्याही कार्डाला स्वतःचा म्हणून लावता येत नाही, आणि शेवटचा बिट १ म्हणजेच बाइट विषम, तर माझ्या ४० मशीनचं कोडं हे होतं. शेवटून दुसरा बिट ० असेल तर तो पत्ता कंपनीने दिलेला, जगात एकच असायला हवा असा, आणि १ असेल तर लोकल, म्हणजे नेटवर्क सांभाळणाऱ्याने स्वतः ठरवलेला. आपण बनवतोय तो पत्ता कुठल्याच कंपनीने दिलेला नाहीये, तेव्हा प्रामाणिकपणे इथे १ हवा, नाहीतर कोणाच्या तरी खऱ्या कार्डाच्या पत्त्याशी आपला पत्ता जुळायची शक्यता आपण उगाच उघडी ठेवतो.

म्हणजे शेवटी १ आणि ० ही जोडी हवी. नुसते सहा रँडम बाइट छापले तर चारातला एकच पत्ता या नियमात बसतो. निम्मे मल्टिकास्ट निघतात आणि उरलेल्यातले निम्मे कंपनीच्या पत्त्यांचं सोंग घेतात, ते चालतात म्हणून लक्षात येत नाहीत, पण चूक ती चूकच.

उपाय एका ओळीचा आहे. पहिला बाइट घ्या, २५२ शी अँड करा, मग २ शी ऑर करा. २५२ म्हणजे बायनरीत सहा एक आणि शेवटी दोन शून्य, त्यामुळे अँड केल्यावर शेवटचे दोन बिट पुसले जातात आणि बाकीचे तसेच राहतात. २ शी ऑर केलं की शेवटून दुसरा बिट १ होतो. हातानेच करून बघा एकदा, समजा रँडम बाइट १८३ आला. बायनरीत १०११०१११. अँड केल्यावर १०११०१००, म्हणजे १८०. ऑर केल्यावर १०११०११०, म्हणजे १८२, हेक्समध्ये बी६. असा पत्ता नुसत्या नजरेनेही ओळखता येतो, कारण पहिल्या बाइटचा दुसरा हेक्स अंक फक्त २, ६, ए किंवा ई असू शकतो. तुमच्या फोनमध्ये वायफायसाठी खाजगी पत्ता चालू असेल तर सेटिंगमध्ये जाऊन बघा, तिथेही दुसरा अंक या चारातलाच दिसेल. अँड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयओएस १४ पासून (२०२०) फोन मुळातच असे पत्ते वापरतात.

अजून काटेकोर राहायचं असेल तर आयट्रिपलईच्या ८०२सी या २०१७ च्या स्टँडर्डने या चार अंकांची वाटणी करून ठेवलीय: २ वाला भाग नेटवर्क सांभाळणाऱ्यांसाठी मोकळा, ए वाला कंपनीच्या ओळख-क्रमांकावर चालणारा, ई वाला स्टँडर्ड प्रोटोकॉलने वाटायचा, आणि ६ वाला पुढच्यासाठी राखून ठेवलेला. लॅबमध्ये चारही चालतात, कोणी अडवत नाही. पण मोठ्या नेटवर्कवर कायमचे पत्ते द्यायचे असतील तर मी २ वरच राहीन, त्यासाठी २५२ च्या जागी २४० शी अँड करायचं आणि २ शी ऑर. तरीही ४४ बिट मोकळे उरतात, म्हणजे साडेसतरा लाख कोटींच्या वर पत्ते.

आता प्रीफिक्सचा ऑप्शन. टेस्टमध्ये कधीकधी पहिले तीन बाइट ठरलेले हवे असतात. क्यूईएमयू या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनचे पत्ते ५२:५४:०० ने सुरू होतात, आणि गंमत म्हणजे हा कोणी विकत घेतलेला प्रीफिक्स वाटतो पण त्याचा दुसरा अंक २ आहे, म्हणजे तो लोकल भागातलाच. व्हर्च्युअलबॉक्सचा ०८:००:२७ मात्र खरा नोंदवलेला आहे. इथे एक चूक हमखास होते: प्रीफिक्स जोडल्यानंतर मास्किंगची, म्हणजे वरची अँड-ऑरची, ओळ चालवली तर ०८ चा ०ए होतो आणि आपण मागितलेला प्रीफिक्सच गायब. म्हणून प्रीफिक्स दिला असेल तर मास्किंग करायचं नाही, फक्त पहिला बाइट विषम आहे का ते तपासायचं आणि असेल तर एरर देऊन थांबायचं.

छापताना प्रत्येक बाइट दोन अंकी छापलाय ना ते बघा. बाइटची किंमत १६ पेक्षा कमी आली तर साधं हेक्स रूपांतर एकच अंक देतं, ०५ च्या जागी नुसता ५. अशी वेळ सोळातून एका बाइटवर येते, पण सहा बाइट धरले तर जवळपास दर तीन पत्त्यांत एक पत्ता लंगडा निघतो, आणि काही प्रोग्राम तो चालवून घेतात आणि काही नाही, त्यामुळे ही चूक शोधायला फार त्रास देते. पायथन ३.८ पासून बाइट्सच्या हेक्स फंक्शनलाच मधलं चिन्ह देता येतं, ते दोन अंक स्वतः सांभाळतं, तेच वापरा. लिनक्सवर कोलन, विंडोजवर आडवी रेघ, आणि काही नेटवर्क स्विचवर चार-चार अंकांचे तीन गट आणि मध्ये टिंब अशी पद्धत असते, तेव्हा मधल्या चिन्हाचा ऑप्शन पहिल्या दिवसापासून ठेवा, नंतर लागतोच.

आयपी: पत्ता कुठे जाणार आहे ते आधी विचारा

आयपी व्ही-फोरमध्ये ३२ बिट, ४२९ कोटींच्या वर पत्ते, आणि नवीन माणूस पहिल्यांदा हेच करतो की ० ते २५५ मधले चार आकडे घेऊन मध्ये टिंब देतो. छापायला ठीक. पण त्यात १२७ ने सुरू होणारे निघतील जे मशीनच्या स्वतःकडेच परत येतात, १६९.२५४ वाले निघतील जे डीएचसीपी (नेटवर्कवर आपोआप आयपी वाटणारी सेवा) न मिळाल्यावर मशीन स्वतःच घेते, २२४ पासून २३९ पर्यंतचे मल्टिकास्ट निघतील, २४० च्या पुढचे राखीव निघतील. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खूपसे पत्ते असे निघतील जे या क्षणी कोणाच्या तरी खऱ्या सर्व्हरचे आहेत.

हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. टेस्टसाठी बनवलेली फाइल पुढे कोणाच्या हातात जाईल आपल्याला माहीत नसतं, कोणीतरी ती यादी उचलून त्यावर पिंग चालवतं, कोणी लोड टेस्टमध्ये घालतं, आणि आपले पॅकेट अनोळखी लोकांच्या दारावर जाऊन धडकतात. म्हणून माझ्या टूलमध्ये काहीच ऑप्शन दिला नाही तर पत्ते फक्त डॉक्युमेंटेशनसाठी राखलेल्या तीन रेंजमधून येतात: १९२.०.२.०/२४, १९८.५१.१००.०/२४ आणि २०३.०.११३.०/२४ (मागच्या /२४ चा अर्थ पहिले २४ बिट ठरलेले, उरलेले मोकळे). या आरएफसी ५७३७ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज; हा २०१० चा) खास उदाहरणांसाठी बाजूला काढल्यात, इंटरनेटवर त्या कोणालाच मिळत नाहीत. तिन्ही मिळून ७६८ पत्ते. तेवढे पुरत नसतील तर १९८.१८.०.०/१५ ही नेटवर्क उपकरणांच्या बेंचमार्कसाठी राखलेली रेंज आहे, तिच्यात १,३१,०७२ पत्ते बसतात.

पत्ता खरंच आतल्या नेटवर्कवर लावायचा असेल तर आरएफसी १९१८ च्या (१९९६) तीन खाजगी रेंज आहेतच: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. मधलीत लोक चुकतात, ती १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतच आहे, १७२.३२ सुरू झालं की तुम्ही बाहेरच्या जगात.

कोडमध्ये हे करायला पायथनचं आयपीॲड्रेस मॉड्यूल घ्या, ते ३.३ पासून सोबतच येतं. त्याला रेंज दिली की तो नेटवर्कचा ऑब्जेक्ट देतो, त्यात एकूण पत्ते किती ते विचारता येतं, आणि यादीसारखं क्रमांक देऊन हवा तो पत्ताही काढता येतो. म्हणजे काम एवढंच: एक रँडम क्रमांक घ्या आणि त्या क्रमांकाचा पत्ता मागा. होस्टची अख्खी यादी बनवून त्यातून निवडू नका, /८ ची यादी म्हणजे १ कोटी ६७ लाखांच्या वर ऑब्जेक्ट, मशीन तिथेच गुडघे टेकते, आणि क्रमांकाने मागितलं तर मेमरी लागतच नाही.

पहिला पत्ता नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, ते दोन सोडायचे. म्हणजे एकूण वजा दोन यातून रँडम क्रमांक घ्या आणि त्यात एक मिळवा. पण /३१ आणि /३२ ला हे गणित मोडतं, कारण /३१ मध्ये दोनच पत्ते, वजा दोन केले की शून्य उरतं आणि रँडम फंक्शन एरर फेकतं. दोन राउटरमधल्या सरळ लिंकवर /३१ चे दोन्ही पत्ते वापरायची सोय आरएफसी ३०२१ ने कधीच दिलीय, तेव्हा या दोघांसाठी वेगळी फांदी लिहा आणि तिथे काहीच वगळू नका. अजून एक, युजरने १०.२०.०.५/१६ असं दिलं तर मॉड्यूल तक्रार करतं की होस्टचे बिट भरलेले आहेत. स्ट्रिक्ट बंद करून ते चालवून घेता येतं, आणि मी घेतो, कारण लोक आपल्याच मशीनचा पत्ता कॉपी करून मागे /१६ लावतात हे नेहमीचं आहे.

खरे पब्लिक पत्ते कधीच लागत नाहीत असं नाही. लॉग वाचणारा पार्सर तपासायचाय, पत्त्यावरून देश शोधणारा कोड तपासायचाय, तिथे डॉक्युमेंटेशनचे पत्ते कामाचे नाहीत. तेव्हा ३२ रँडम बिट घ्या, पत्ता ग्लोबल आहे का विचारा, नसेल तर फेकून पुन्हा घ्या. फक्त एक खाच आहे: आयपीॲड्रेस मॉड्यूलच्या लेखी मल्टिकास्टचे पत्ते ग्लोबलमध्ये मोडतात, त्यामुळे मल्टिकास्ट आहे का हे वेगळं विचारावं लागतं, नाहीतर २३१ वगैरेने सुरू होणारे पत्ते यादीत शिरतात. हा प्रकार मी मुद्दाम वेगळ्या ऑप्शनमागे ठेवलाय, आणि या यादीवर एकही पॅकेट पाठवायचं नाही ही ओळ हेल्पच्या मजकुरात स्पष्ट लिहिलीय.

रँडम आणायचं कुठून

पायथनमध्ये दोन दुकानं आहेत. रँडम मॉड्यूल मर्सेन ट्विस्टर वापरतं, वेगवान आहे, बीज (सीड, म्हणजे सुरुवातीचा ठरलेला आकडा) दिलं की तोच क्रम परत देतं, पण त्याचे ३२ बिटांचे ६२४ आकडे सलग कोणी बघितले तर पुढचे सगळे आकडे काढता येतात. सीक्रेट्स मॉड्यूल ३.६ पासून आलं, ते ऑपरेटिंग सिस्टीमकडून आकडे घेतं, त्यांचा अंदाज बांधता येत नाही. ओळख लपवण्यासाठी मॅक बदलताय तर सीक्रेट्सच, इथे दुसरा विचार नाही. टेस्टसाठी मात्र बीज हवंच, कारण रात्री फेल झालेली टेस्ट सकाळी त्याच पत्त्यांवर परत चालवता आली पाहिजे.

म्हणून टूलमध्ये नियम असा: बीज दिलं तर रँडम, नाही दिलं तर सीक्रेट्स. बीज ऑप्शन वापरून बनवलेले पत्ते खाजगीपणासाठी नाहीत हेही हेल्पमध्ये लिहा. आणि वर्षानुवर्षं टिकणारी टेस्ट असेल तर बीजावर विसंबू नका, बनवलेली यादीच फाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, कारण पायथनच्या नव्या आवृत्तीत त्याच बीजावर रँडमच्या सगळ्याच फंक्शनमधून तोच क्रम येईल अशी हमी दिलेली नाही.

एक चूक इतकी कॉमन आहे की तिच्यावर जरा थांबतो. समजा १०० पत्त्यांच्या पूलमधून एक निवडायचाय आणि हातात एक रँडम बाइट आहे, ० ते २५५ मधला. बहुतेक जण त्याला १०० ने भागून बाकी घेतात. आता मोजा: बाकी ७ कधी येईल? ७, १०७ आणि २०७ ला, म्हणजे तीनदा. बाकी ७० कधी येईल? ७० आणि १७० ला, दोनदाच, कारण २७० पर्यंत बाइट जातच नाही. म्हणजे ० ते ५५ हे क्रमांक ५६ ते ९९ पेक्षा दीडपट वेळा निवडले जातात. आउटपुट बघून हे कोणाला कळणार नाही, पण लोड टेस्टमध्ये पहिल्या निम्म्या पत्त्यांवर जास्त भार दिसतो आणि आपण सर्व्हरला दोष देत बसतो. बरोबर पद्धत म्हणजे २०० किंवा वरचा बाइट आला की फेकून नवा घ्यायचा आणि मगच बाकी काढायची. सीक्रेट्समधलं रँडबिलो हे तुमच्यासाठी करून देतं, तेव्हा बाकी काढायचं चिन्ह स्वतःच्या कोडमध्ये दिसलं की संशय घ्या.

बॅश स्क्रिप्टवाल्यांसाठी: बॅशचा रँडम व्हेरिएबल ० ते ३२७६७ एवढाच जातो, १५ बिट. एका बाइटसाठी तो आकडा २५६ ने भागून बाकी घेतली तर ती बरोबर समान येते, कारण ३२७६८ ला २५६ ने पूर्ण भाग जातो. पण आख्खा मॅक त्यातून ओढायचा असेल तर मी सरळ यू-रँडम (/dev/urandom) फाइलमधून सहा बाइट वाचेन.

परत तोच पत्ता आला तर

येतो, आणि वाटतो त्यापेक्षा खूप लवकर येतो. /२४ मध्ये वापरण्यासारखे २५४ पत्ते, त्यातून नुसते २० रँडम काढले तरी कुठलेतरी दोन सारखे निघायची शक्यता निम्म्याच्या वर जाते. ठरलेल्या प्रीफिक्सच्या मॅकमध्ये २४ बिट मोकळे, १ कोटी ६७ लाख पत्ते ऐकायला खूप वाटतात, पण ४,८०० च्या थोडं पुढे गेलात की शक्यता निम्म्यावर येते. पूर्ण ४६ बिट मोकळे असतील तर तीच वेळ ९८ लाखांच्या आसपास येते, तिथे चिंता नाही.

एकाच नेटवर्कवर एकच मॅक दोन मशीनना गेला तर काय होतं ते बघण्यासारखं असतं, स्विच तो पत्ता कधी या पोर्टवर शिकतो कधी त्या, आणि दोन्ही मशीनचं नेटवर्क आळीपाळीने जातं-येतं. शोधायला महाकठीण. त्यामुळे न-रिपीट हे डिफॉल्ट ठेवा. व्ही-फोरला सोपं आहे, रँडमच्या सॅम्पल फंक्शनला क्रमांकांची रेंज द्या आणि हवे तेवढे मागा, ते अख्खी रेंज मेमरीत उलगडत नाही. सीक्रेट्सवाल्या बाजूला हेच काम सिस्टमरँडमचं सॅम्पल करतं. मागितलेली संख्या रेंजपेक्षा मोठी असेल तर ते स्वतःच एरर देतं, फक्त ती एरर पकडून माणसाला कळेल अशा शब्दांत छापा: या रेंजमध्ये २५४ पत्ते आहेत, तुम्ही ३०० मागितलेत. मॅक आणि व्ही-सिक्सला (आयपीची नवी, लांब पत्त्यांची आवृत्ती) हे चालत नाही असं समजा, व्ही-सिक्सच्या /६४ ची रेंज दिली तर पायथन तिची लांबीच मोजू शकत नाही आणि ओव्हरफ्लो होतो. तिथे बनवलेले पत्ते एका सेटमध्ये ठेवा आणि आधी असलेला आला की टाकून द्या.

व्ही-सिक्स

उदाहरणांसाठी २००१:डीबी८ ने सुरू होणारी /३२ आहे, डिफॉल्ट तीच ठेवा. आतल्या नेटवर्कसाठी एफडी ने सुरू होणारे पत्ते, आणि इथे आरएफसी ४१९३ (२००५) स्वतःच सांगतं की एफडी नंतरचे ४० बिट रँडम हवेत. लोक आळसाने तिथे सगळे शून्य भरतात, मग दोन ऑफिसची नेटवर्क जोडायची वेळ आली की दोन्हीकडे तेच पत्ते. तुमच्या टूलने ४० बिट एकदा काढून /४८ चा प्रीफिक्स छापावा, तो कुठेतरी जपून ठेवावा, आणि पुढचे पत्ते त्याच्याच आतून काढावेत. प्रत्येक पत्त्याला नवा प्रीफिक्स काढलात तर ते नेटवर्क राहणारच नाही. छापताना छोटी अक्षरं आणि शून्यांची सर्वात लांब ओळ दोन कोलनमध्ये गुंडाळलेली अशी पद्धत आहे, आयपीॲड्रेस मॉड्यूल तसंच छापतं, हाताने काही करू नका.

टर्मिनलवर नीट वागणारं टूल

माझ्या टूलचं नाव पत्ता, आणि ऑप्शनही मी मराठीतच ठेवलेत. पत्ता मॅक --किती २० असं लिहिलं की २० मॅक येतात, पत्ता व्ही४ --रेंज दिली की त्या रेंजमधले आयपी येतात, शिवाय --बीज, --प्रीफिक्स, --चिन्ह. पायथनच्या आर्गपार्सला देवनागरी नावं चालतात. इथे एक मजेशीर गोष्ट कळली, पायथन देवनागरी आकडा लिहिलेला मजकूर पूर्णांकात नीट बदलतो, म्हणजे --किती २० मध्ये २० मराठीत टाइप केलं तरी चालतं, पण आयपीॲड्रेस मॉड्यूलला मराठी आकड्यातला पत्ता दिला तर तो नाकारतो. तेव्हा रेंज इंग्रजी आकड्यातच टाइप करा, किंवा आत घेतल्या घेतल्या आकडे बदलून घ्या.

बाकी वागणं साधं ठेवा. एका ओळीवर एक पत्ता, वर शीर्षक नाही, खाली एकूण किती ते नाही, रंग नाहीत. हे आउटपुट पुढच्या कमांडला पाइपने जाणार असतं आणि तिथे आपली एक गोड ओळ कोणाची तरी स्क्रिप्ट मोडते. सांगायचं ते सगळं स्टँडर्ड एररवर: चुका, इशारे, वापरलेलं बीज. चूक झाली तर एक्झिट कोड शून्य नको, चुकीच्या ऑप्शनला आर्गपार्स २ देतं, तेच चालू द्या. आणि १ लाख पत्ते मागून हेड कमांडने पहिले पाचच घेतले तर पाइप मध्येच तुटतो आणि पायथन लांबलचक एरर ओकतो, ती एरर पकडून गुपचूप बाहेर पडा.

पत्ता लावताना

लिनक्सवर आयपी लिंक कमांडने आधी इंटरफेस खाली घ्या, पत्ता सेट करा, परत वर आणा. त्याआधी जुना पत्ता लिहून ठेवा, विसरलात तर इथटूल कमांडच्या मोठ्या पी ऑप्शनने कार्डाचा मूळ पत्ता दिसतो. रिमोट मशीनवर बसून हे करू नका, इंटरफेस खाली गेला की तुमचं सेशनही गेलं. मॅक बदलल्यावर डीएचसीपीवर त्या मशीनसाठी राखलेला आयपी मिळत नाही, वायफायवर मॅकची यादी लावलेली असेल तर आतच येऊ देत नाही, हे बिघाड नाहीत, तसंच व्हायला पाहिजे. आणि नेटवर्क दुसऱ्याचं असेल तर विचारल्याशिवाय पत्ता बदलू नका, तिथे कोणीतरी त्या यादीवरूनच मशीन ओळखत असतो.

हातात देण्याआधीची तपासणी

१ लाख मॅक बनवा, सॉर्ट करून युनिक (uniq) कमांडने रिपीट झालेले शोधा, यादी रिकामी यायला हवी. मग प्रत्येक ओळीतलं फक्त दुसरं अक्षर कापून घ्या आणि कुठलं किती वेळा आलं ते मोजा. २, ६, ए आणि ई ही चारच अक्षरं दिसली पाहिजेत, प्रत्येक साधारण २५,००० वेळा, शे-दोनशे इकडेतिकडे चालेल. पहिल्या अक्षराचंही तसंच मोजा, सोळाच्या सोळा अक्षरं साधारण ६,२५० वेळा. ओळीची लांबी सगळीकडे १७ आहे ना तेही बघा, १६ ची एक जरी ओळ निघाली तर कुठेतरी शून्य गळलंय. आणि दुसऱ्या अक्षरात १, ३ किंवा ५ दिसला तर मास्किंग चुकीच्या बाइटवर होतंय, बहुतेक शेवटच्या, कारण बाइट उलट्या क्रमाने जोडले गेलेत.